धाकट्या मुलांचा घाट

अठराव्या शतकातल्या इंग्लंडात जमीनदाराच्या घरी जन्मलेल्या मुलाचं आयुष्य तो कितवा आहे यावरून ठरत असे. थोरला असेल तर वाडा त्याचा, जमीन त्याची, खंड भरणारी कुळं त्याची आणि घराण्यात किताब असेल तर तोही त्याचा. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या मुलाच्या वाट्याला वडिलांचं आडनाव येई, थोडी रोख रक्कम किंवा वर्षासन मिळे, आणि एखाद्या वजनदार नातेवाइकाचं शिफारसपत्र. एवढ्या भांडवलावर त्यानं बाहेर पडायचं. वाटा ठरलेल्या होत्या: लष्कर, आरमार, धर्मखातं, वकिली. प्लासीनंतर त्यात एक नवी वाट सामील झाली, ती म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी.

आपल्याकडचा शिरस्ता याच्या नेमका उलटा. मिताक्षरेप्रमाणे मुलगा जन्मताच वडिलार्जित मिळकतीचा हिस्सेदार होतो; थोरला असो की शेंडेफळ, हिस्सा मागण्याचा हक्क सारखाच. म्हणून आजही कर्जत-खालापूरच्या एखाद्या सातबाऱ्यावर वीस गुंठ्यांपुढे बारा नावं सापडतात. जमीन फुटत जाते, पण माणूस गावाला बांधलेला राहतो, आणि भाऊबंदकी घरातच धुमसते. इंग्रज सरदारांनी जमीन फुटू दिली नाही, त्याऐवजी मुलगे बाहेर लोटले. इतिहासाच्या पुस्तकांत साम्राज्याची कारणं सांगताना व्यापार, तोफा, आरमार यांची नावं येतात. वारसाहक्काचा हा साधा घरगुती नियम माझ्या मते त्यांच्याच पंक्तीला बसतो. राजा पहिला जॉर्ज ते चौथा जॉर्ज, म्हणजे १७१४ ते १८३०, या काळाला इंग्रज ‘जॉर्जियन’ म्हणतात. त्या काळातले कितीतरी धाकटे मुलगे एकाच अरुंद वाटेनं पुण्याकडे गेले. ती वाट खालापूर तालुक्यातून जाते.

मुंबईहून पुण्याला जायचं तर तेव्हा भरतीची वेळ साधून गलबतानं पनवेलच्या खाडीत शिरावं लागे. पनवेलला भोई आणि बैल ठरवायचे, मग चौक, खालापूर, खोपोली असे मुक्काम. खोपोलीला सपाटी संपते आणि समोर बोरघाट उभा राहतो. वर खंडाळा, कार्ले, वडगाव, तळेगाव आणि मग पुणं. आज खालापूरच्या टोलनाक्यावर चहासाठी थांबलेला प्रवासी तासाभरात खंडाळ्याच्या वर पोचतो. त्या काळी पालखी खांद्यावर घेतलेल्या भोयांना घाट चढायला अख्खी सकाळ जाई, आणि तोफ चढवायची असेल तर दिवसांचा हिशोबच सोडून द्यावा लागे.

या वाटेचा राजकारणाशी जो संबंध आला, त्याची सुरुवात झाली शेकडो मैल दूर, खंबायतला. फेब्रुवारी १७७५. मही नदीकाठी पेशव्यांच्या फौजेकडून मार खाल्लेले रघुनाथराव जीव घेऊन खंबायतच्या वेशीशी आले. रघुनाथरावही धाकटेच, नानासाहेब पेशव्यांचे भाऊ. पुतण्या माधवरावाकडे त्यांनी अर्ध्या राज्याची वाटणी मागितली होती, दुसरा पुतण्या नारायणराव याच्या खुनानंतर गादीवर बसले होते, आणि दरबारातल्या मुत्सद्द्यांच्या कटानं, म्हणजे बारभाईंनी, त्यांना तिथून खाली खेचलं होतं. खंबायतच्या नवाबाला त्यांना ठेवून घ्यायची भीती वाटली. कंपनीच्या तिथल्या वखारीवर बाविशीतला एक इंग्रज तरुण होता. त्यानं रघुनाथरावांना आडोसा दिला आणि भावनगरमार्गे सुरतेला जाण्याची सोय लावून दिली. पुढच्याच महिन्यात सुरतेला तह झाला, आणि वाटणी मागणारा धाकटा भाऊ इंग्रजांच्या तंबूत जाऊन बसला. त्या तरुणाचं नाव चार्ल्स वॉर मॅलेट.

मॅलेटचा जन्म १७५२ च्या अखेरीचा. वडील अलेक्झांडर मॅलेट सॉमरसेट परगण्यात धर्मोपदेशक होते. घराणं स्वतःला विल्यम द कॉन्करर याच्याबरोबर १०६६ मध्ये इंग्लंडात उतरलेल्या विल्यम मॅलेटचं वंशज म्हणवत असे. म्हणजे कुळ सातशे वर्षांचं, आणि हातात चर्चनं दिलेलं उत्पन्न. चार्ल्स स्वतः थोरला होता, पण ज्या घरात वारशानं द्यायला जहागीरच नाही तिथे थोरलेपण काय कामाचं? इंग्लंडातल्या छोट्या खानदानांची ही मोठी दुखरी जागा होती. मान जपायचा तर वाडा, घोडे, नोकर, गाडी हवी. ते उत्पन्न शेतातून निघत नसे. १७७० मध्ये, अठराव्या वर्षाच्या आत, तो कंपनीच्या मुंबई इलाख्यात कारकून म्हणून दाखल झाला.

खंबायतच्या त्या मदतीचे परिणाम खालापूरच्या लोकांनी भोगले. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी १७७८ च्या शेवटी मुंबईहून फौज निघाली. सुमारे ४,००० सैनिक आणि सामान वाहायला १९,००० बैल. पनवेल ते खोपोली या पट्ट्यातल्या भाताच्या खाचरांतून एकोणीस हजार बैल जातात तेव्हा मागे काय उरत असेल, याची कल्पना शेती केलेल्या माणसाला सांगावी लागत नाही. दिवस नुकत्याच झालेल्या कापणीचे, खळ्यांवर धान्य पडलेलं. ही फौज घाट चढली, कार्ल्याला कॅप्टन स्ट्यूअर्ट मारला गेला (मराठी मुलखात तो ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजून लक्षात आहे), आणि तळेगावहून मागे फिरताना जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तिनं हात टेकले. दोन वर्षांनी जनरल गॉडर्ड आला. फेब्रुवारी १७८१ मध्ये त्यानं बोरघाट घेतला, खोपोलीला तळ ठोकला आणि पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस तहाला तयार होतील म्हणून वाट पाहत बसला. नाना तयार झाले नाहीत. एप्रिलमध्ये गॉडर्ड पनवेलकडे परत निघाला तेव्हा हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांच्या फौजांनी खोपोली-पनवेल वाटेवर त्याला पावलोपावली झोडपलं. त्याची शेकडो माणसं पडली. इंग्रजांच्या दोन मोठ्या माघारी याच घाटानं पाहिल्या, आणि दोन्हींच्या मुळाशी एका धाकट्या भावाचा न मिटलेला हिस्सा होता.

हे युद्ध मिटवणारा सालबाईचा तह १७८२ मध्ये झाला, आणि कंपनीला पुण्यात कायमचा वकील हवासा वाटू लागला. निवड झाली मॅलेटची. महादजी शिंद्यांना हे पसंत नव्हतं. पेशव्यांशी इंग्रजांचं बोलणं आपल्यामार्फतच व्हावं असा त्यांचा आग्रह. म्हणून मॅलेटला आधी उत्तरेत महादजींची भेट घ्यावी लागली, तिथून कलकत्त्याला जाऊन गव्हर्नर-जनरलच्या सूचना घ्याव्या लागल्या. मार्च १७८६ मध्ये तो पुण्यात हजर झाला आणि पुढची सुमारे अकरा वर्षं, १७९७ पर्यंत, तिथेच राहिला. मुळा आणि मुठा मिळतात त्या संगमावर त्याची वकिलात होती.

तो गेला-आला तो याच रस्त्यानं. मुंबईचं सरकार घाटाच्या खाली आणि नाना फडणवीस घाटाच्या वर, मध्ये खोपोली. खोपोलीला नानांनी बांधलेलं मोठं दगडी तळं आणि महादेवाचं देऊळ आहे. घाटाखालचा हा शेवटचा मुक्काम. इथे बैलांना पाणी, भोयांना विसावा, वाटसरूला देवदर्शन आणि रात्रीचा निवारा. मला हे तळं नानांच्या कारभाराचा उत्तम नमुना वाटतं. ज्या वाटेनं शत्रू दोनदा आला ती वाट त्यांनी बंद केली नाही, तिच्यावर पाण्याची सोय केली. घाट लढाईत अडवायचा आणि शांततेत चालता ठेवायचा, हे त्यांना एकाच वेळी साधत होतं.

मॅलेट आणि नाना यांची अकरा वर्षांची उठबस हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहारात त्याचा एक जाडजूड खंडच आहे. नानांच्या बाजूनं बोलणी बहुधा बहिरोपंत मेहेंदळे करत. मॅलेटचं सगळ्यात मोठं यश म्हणजे १ जून १७९० चा तह. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि कंपनी एकत्र आले. त्याबद्दल फेब्रुवारी १७९१ मध्ये राजा तिसरा जॉर्ज यानं मॅलेटला बॅरोनेट केलं. पुण्यात बसून त्यानं इंग्लंडातली खानदानी मिळवली.

बॅरोनेट म्हणजे नेमकं कोण, हे इथं सांगायला हवं, कारण आपण सगळ्याच इंग्रज ‘सर’ लोकांना एका रांगेत बसवतो. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही पाच पदं म्हणजे खरे ‘लॉर्ड’. त्यांना तेव्हा उमरावांच्या सभागृहात जागा असे. बॅरोनेट त्यांच्या खालचा. हा किताब जेम्स पहिला यानं १६११ मध्ये काढला, तोही मुळात पैसा उभा करण्यासाठी. नावामागे ‘सर’ लागतं, पण नाइट माणसाचा ‘सर’ त्याच्याबरोबर जातो आणि बॅरोनेटचा मुलाला मिळतो, तोही फक्त थोरल्या मुलाला. उमरावांच्या सभेत जागा नाही, किताबाबरोबर जमीन नाही, नेमणूक नाही. मराठी दरबारात किताब दिला तर त्याच्यामागे सरंजाम किंवा इनाम गाव येई. इंग्लंडात बॅरोनेट झालेल्या माणसानं किताबाला शोभेल अशी जहागीर आपल्या पैशानं विकत घ्यायची.

संगमावरचं मॅलेटचं घर मात्र एखाद्या लहानशा दरबारासारखं चाले. १७९१ मध्ये मुंबईत उतरलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढच्या वर्षी पुण्यात आला आणि मॅलेटच्या आश्रयानं राहिला. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची जी चित्रं पाहून आपण त्यांचे चेहरे ओळखतो ती वेल्सची. त्याच्याभोवती पुण्यातले कारागीर शिकले, त्यांतला गंगाराम तांबट हा फार गुणी माणूस. मॅलेटसाठी त्यानं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, लेणी काढली, कसरती करणारे मल्ल काढले; त्याची चित्रं आता अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. मराठी माणसानं हातात पेन्सिल घेऊन समोरची वस्तू जशी दिसते तशी कागदावर उतरवण्याच्या इतिहासात गंगारामचं पान अगदी सुरुवातीचं आहे. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक घटना त्याच काळातली. कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूवरच्या मोहिमेत इंग्रजांकडे बैल हाकायला होता. टिपूच्या हाती सापडल्यावर त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्यात एका कुंभारानं कपाळाची कातडी उलटवून त्याला नवं नाक बसवलं, कंपनीच्या डॉक्टरांनी ते पाहिलं, वेल्सनं नव्या नाकाच्या कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यानं १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. कुंभाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

मॅलेटच्या घरात अंबर कौर नावाची स्त्री होती, त्याची मुलंही तिला होती. वेल्सनं तिचंही चित्र काढलं. अशा स्त्रियांना लग्नाच्या बायकोचा दर्जा नसे, आणि त्यांची मुलं कितीही मोठी झाली तरी किताबाच्या वारसांत धरली जात नसत. वेल्स १७९५ मध्ये लेण्यांची चित्रं काढता काढता आजारी पडून वारला. मागे मुली पोरक्या झाल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून गेले आणि पुण्याचा नूरच पालटला. नानांना पुढच्या वर्षी महाडला जावं लागलं. मॅलेट १७९७ मध्ये घाट उतरला, १७९८ मध्ये त्यानं हिंदुस्तान सोडला, आणि १७९९ मध्ये इंग्लंडात वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं. तो सेहेचाळीस वर्षांचा, ती त्याच्याहून कितीतरी लहान.

आता किताबाला वाडा हवा होता. विल्टशर परगण्यातलं विलबरी हाउस त्यानं घेतलं. १७१० च्या सुमारास बांधलेलं, इंग्लंडात पॅलेडियन धाटणीची नव्यानं सुरुवात करणाऱ्या घरांमध्ये गणलं जाणारं. मागे बाग, भोवती कुळांची शेतं, जवळ गावचं चर्च. आता तो रॉयल सोसायटीचा सदस्य, पुराणवस्तू अभ्यासकांच्या सोसायटीचा सदस्य, वेरूळच्या लेण्यांवर निबंध लिहिलेला विद्वान गृहस्थ. पुणे दरबारात १७९० च्या तहाचा समारंभ झाला त्याचं भव्य तैलचित्र त्यानं टॉमस डॅनिएलकडून पुरं करून घेतलं. मूळ आखणी सासऱ्याची, म्हणजे वेल्सची. चित्र १८०५ मध्ये पूर्ण झालं. गणपती रंगमहालात सोळा वर्षांचे सवाई माधवराव बसले आहेत, भोवती सरदार आणि मुत्सद्दी, आणि त्या गर्दीत इंग्रज वकील. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. जॉर्जियन काळातल्या छोट्या खानदानी माणसाला आपली खानदानी कुठून आली हे भिंतीवर टांगून दाखवण्याची गरज वाटे. पिढीजात लॉर्डाच्या भिंतीवर आजोबा-पणजोबांची चित्रं असत. मॅलेटच्या भिंतीवर पुण्याचा दरबार होता. सर चार्ल्स १८१५ च्या जानेवारीत वारला.

दरम्यान घाटानं दुसऱ्या प्रकारचे खानदानी पाहिले. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत होळकरांनी पुणं जिंकलं, आणि रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव कोकणात पळाले. वसईला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि मे १८०३ मध्ये इंग्रज फौजेच्या संगतीनं घाट चढून पुण्यात परतले. वडिलांना १७७९ मध्ये जे जमलं नव्हतं ते मुलाला जमलं. किंमत म्हणून स्वतंत्र राज्य गेलं. त्यांना गादीवर बसवायला दक्षिणेकडून आधीच पुण्यात येऊन थांबलेला सेनापती आर्थर वेलस्ली हा आयरिश अर्ल ऑफ मॉर्निंग्टनचा धाकटा मुलगा. पुढे वॉटर्लू जिंकून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला हाच. १८०४ च्या सुमारास त्यानं बोरघाटाची वाट तोफा जातील अशी करून घेतली. पुण्याच्या वकिलातीत तेव्हा कामाला लागलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा चौथा मुलगा. पेशवाई बुडवण्याच्या कामात ज्यांची नावं पुढे येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्यांच्या देशातल्या वडिलार्जित घरात कायमची खोली नव्हती.

थोरला मुलगाही एकदा आला. १८०४ मध्ये या वाटेनं पुण्याला गेलेला व्हायकाउंट व्हॅलेन्शिया, म्हणजे जॉर्ज ॲनेस्ली, अर्ल ऑफ माउंटनॉरिसचा वारस. वय तिशीतलं, बायकोशी फारकत झालेली, आर्लीला मोठी इस्टेट. त्याला नोकरी करायची नव्हती. देश पाहायचे होते, झाडंझुडपं, शिंपले, नाणी गोळा करायची होती. बरोबर हेन्री सॉल्ट हा चित्रकार आणि चिटणीस. कलकत्ता, लखनौ, सिंहलद्वीप, तांबडा समुद्र असा त्याचा चार वर्षांचा प्रवास, आणि १८०९ मध्ये छापलेले त्याचे तीन मोठे खंड. खोपोलीचं नानांचं तळं आणि देऊळ त्यानं पाहिलं, त्याला ते आवडलं. घाटावर मात्र त्याच्या नजरेला जे पडलं ते त्यानं सौंदर्यासाठी लिहिलेलं नाही. होळकरांच्या धामधुमीनं देश उजाड झाला होता, त्यात १८०३ चा पाऊस चुकला. देशावरची माणसं अन्नाच्या आशेनं घाट उतरून कोकणात येत होती. पनवेलला आणि मुंबईत कंपनी सरकार अन्न वाटत होतं. तिथपर्यंत ज्यांना पोचता आलं नाही ती वाटेत पडली. खंडाळ्याच्या तळ्याकाठी त्याला प्रेतंच प्रेतं दिसली.

इतिहासात वसईच्या तहाची कलमं पाठ करायला लावतात. त्या तहाच्या आसपास या घाटात माणसं किती आणि कशी मेली, हे शोधायला मात्र फिरतीवर आलेल्या एका लॉर्डाची रोजनिशी उघडावी लागते. व्हॅलेन्शियाकडे हौसेनं फिरणाऱ्या श्रीमंताचे सगळे दोष होते, स्वतःच्या मानपानाची त्याला फार फिकीर असे. तरीही त्यानं ते दृश्य लिहून ठेवलं, यासाठी मी त्याचा ऋणी आहे. त्याचा मुलगा त्याच्या आधी वारला, आणि १८४४ मध्ये तो गेल्यावर माउंटनॉरिसचं अर्लपद संपुष्टात आलं.

मॅलेटच्या किताबाचं तसं झालं नाही, कारण सर चार्ल्सला सुझॅनापासून आठ मुलगे झाले. इथे वारसाहक्काचा तो नियम पुन्हा कामाला लागला. थोरला अलेक्झांडर ‘सर’ झाला, विलबरी त्याला मिळालं, आणि तो युरोपातल्या दरबारांत वकील म्हणून गेला. विल्यम धर्मखात्यात शिरला. जॉर्ज मुंबईच्या घोडदळात गेला आणि डिसेंबर १८५६ मध्ये इराणच्या किनाऱ्यावर, बुशायरजवळच्या लढाईत मारला गेला. आर्थर मुंबईच्या मुलकी नोकरीत चढत गव्हर्नरच्या कौन्सिलपर्यंत गेला. १८०८ मध्ये जन्मलेला ह्यू पॉइंट्झ मॅलेटही त्याच नोकरीत आला. वडील गेले तेव्हा तो सहा-सात वर्षांचा होता. पुण्याचा दरबार त्यानं पाहिला तो घरातल्या चित्रात. तो नोकरीत आला तेव्हा पेशवाई इतिहासजमा झाली होती, आणि ज्या मुलखातून वडील परक्या राज्याचे वकील म्हणून पालखीतून गेले तिथला सारा वसूल करणं हे मुलाचं काम झालं.

ह्यू मॅलेट ठाण्याचा कलेक्टर होता. कर्जत आणि खालापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. कुलाब्यात ते नंतर, १८९१ मध्ये आले. मे १८५० मध्ये दौऱ्यावर असताना त्याचा तळ चौकला पडला होता. चौकच्या वर उत्तरेला एक लांबलचक, गर्द झाडीचा सपाट डोंगर दिसतो. मे महिन्यात कोकणपट्टीत सकाळी नऊलाच अंग चिकचिकायला लागतं. वरची ती हिरवी झाडी पाहून कुणाचंही मन ओढलं जाईल. आज जिला वन ट्री हिल म्हणतात तिच्या बाजूच्या घळीनं तो वर चढला, माथ्यावर फिरला आणि रामबागच्या बाजूनं खाली आला. सुमारे ८०० मीटर उंचीवर दाट सावली, लाल माती, पाण्याचे झरे आणि मोकळा वारा. नोव्हेंबरात तो परत गेला आणि राहण्यासाठी घर बांधायला घेतलं. माथेरानचं पहिलं बंगलेवजा घर ते. तिथल्या एका झऱ्याला त्याचं नाव आहे.

‘माथेरानचा शोध १८५० मध्ये ह्यू मॅलेटनं लावला’ असं वाक्य पर्यटनाच्या प्रत्येक पत्रकात सापडतं. ते वाक्य मला कधीच पटलं नाही. डोंगरावर आणि त्याच्या खांद्यांवर ठाकर, कातकरी, धनगर राहत होते. गुरं चरायला जात होती, मध आणि हिरडा गोळा होत होता, आणि ज्या घळीनं साहेब चढला ती पायवाट त्यांच्याच पायांनी पडलेली होती. मॅलेटनं केलं ते निराळं: डोंगराची नोंद सरकारी दप्तरात आणली, मुंबईच्या साहेबांना आणि शेटियांना तिथे घरं बांधावीशी वाटतील अशी सोय सुरू केली. पाठोपाठ गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला. माउंटस्टुअर्टचा हा पुतण्या, लॉर्डपद मिळालेल्या शाखेतला. त्यानं वर स्वतःच्या बंगल्यासाठी जागा निवडली, आणि मग माथेरानला जाणं प्रतिष्ठेचं झालं.

१८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि नेरळ हे स्टेशन झालं. १८६३ मध्ये गाडी बोरघाटातून वर गेली. मुंबईकराला आता माथेरानला जायचं तर चौकला तंबू ठोकायची गरज उरली नाही. नेरळहून रस्ता झाला, घोडे आणि रिक्षा आल्या. आदमजी पीरभॉय कुटुंबातल्या अब्दुल हुसेन यांनी दोन फुटी रुळांची गाडी बांधून घेतली, ती मार्च १९०७ मध्ये सुरू झाली. डोंगराचं तोंड एकदा पूर्वेला नेरळकडे वळलं ते वळलंच. चौकची बाजू, जिथून कलेक्टर चढला होता, ती मागची बाजू ठरली. खालापूर तालुक्यातल्या वाड्यांमधली माणसं मात्र त्या घळींतून करवंदं, दूध आणि सरपण घेऊन वर बाजाराला चढत राहिली.

ह्यू मॅलेट नोकरीतून निवृत्त होऊन इंग्लंडला गेला. किताब थोरल्या भावाकडे, विलबरी थोरल्या भावाकडे. यानं लिहायला घेतलं. १८५७ च्या उठावावर एक कादंबरी, निसर्गेतिहासावर एक पुस्तक, १८७० मध्ये पृथ्वीच्या अंतर्भागावर एक आणि पुढे धुळीच्या कणाचं चरित्र म्हणावं असं एक. शास्त्रज्ञांनी त्याच्या भूगर्भाविषयीच्या कल्पना स्वीकारल्या नाहीत. पण सह्याद्रीतला काळा कातळ, त्यावरची जांभ्याची लाल टोपी आणि दर पावसाळ्यात कड्यांवरून खाली वाहून येणारी माती ज्यानं वर्षानुवर्षं पाहिली, त्याला खडक झिजून धूळ कशी होते आणि धूळ साचून पुन्हा खडक कसा होतो हा प्रश्न पडला, यात मला काही नवल वाटत नाही.